साबणाला न जुमानणारा ससा

“साबण गेला वाया!” मास्तर फोनवर ओरडले. “टांगून ठेवलाय तसाच्या तसा, आणि आज पण शेवंती साफ!”

मास्तर म्हणजे शिंपी. दुकान बंद करून मशीन घरी आणलं होतं, ते आता चादरीखाली झाकलेलं असायचं. फोनच्या पलीकडे त्यांची एकुलती एक मुलगी. दूरच्या शहरात जनावरांची डॉक्टर. मागच्या सुट्टीत अंगणात शेवंतीचा वाफा तिनंच लावून दिला. “तुम्हाला सोबत,” म्हणाली आणि गेली. त्यानंतर तिचा फोन म्हणजे, “जेवलात? गोळी घेतली? ठेवते.” मास्तर ‘हो’ म्हणेपर्यंत फोन बंद.

मग वाफ्यात ससा शिरला. आणि मुलगी अर्धा अर्धा तास बोलायला लागली.

“त्याला इजा नाही करायची हां, बाबा. बिचारा पोटासाठी येतो. साबणाच्या वासानं नाही ना पळाला, मग आता न्हाव्याकडचे केस पसरून बघा. माणसाच्या वासानं बिचकेल.”

मास्तरांनी पोतंभर केस आणले. नेमका वारा सुटला. केस उडाले ते थेट शेजारच्या काकूंच्या ओल्या चादरींवर.

“मास्तर, माझ्या चादरींना मिशा फुटल्या!” काकू कुंपणावरून कडाडल्या.

मग तिखटाचं पाणी. मास्तरांनी ते वाऱ्याच्या तोंडावर फवारलं आणि दुपारभर शिंकत बसले. शिंकत शिंकतच फोन लावला. मुलगी इतकी हसली, की तिच्या दवाखान्यातलं कुत्रं भुंकायला लागलं. ती फोन ठेवून गेली तरी मास्तर फोन कानालाच धरून बसले होते.

मग बुजगावणं. पण शिंप्याचंच ते! अंगात कोट, आत जाकीट, खिशाला रुमाल. कुरिअरवाला त्याच्यासमोर सहीसाठी ताटकळला आणि “साहेबांना माज आलाय” म्हणत पार्सल परत घेऊन गेला.

शेवंती मात्र रोज कमी होत होती. शेवटी काकूंनाच राहवेना.

“अहो, वाफ्याभोवती बारीक जाळी ठोका. बूड मातीत पुरा. ससा काय, सशाचा बाप आत येणार नाही.”

“जाळी?” मास्तरांचा चेहरा उतरला. “एवढी काय घाई आहे?”

“घाई? वाफ्यात आता ससाच उरेल नुसता!”

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी नेहमीसारखा कुरतडलेल्या झाडांचा फोटो पाठवला. फोन लगेच वाजला.

“बाबा, फोटो मोठा करून बघितला मी. ससा देठ तिरका कापतो. हे देठ तर झिगझॅग कापलेत.”

मास्तरांनी टेबलाकडे पाहिलं. कापडाची कड उसवू नये म्हणून वापरायची ती दातेरी कात्री तिथं पडली होती. पात्यांना हिरवा रस. सकाळी चष्मा न लावता हात नेमका तिच्यावर पडला होता.

“ससा कधीपासून येत नाही?”

मास्तरांनी कात्री मशीनच्या चादरीखाली सारली. “साबण टांगला ना... तेव्हाच गेला.”

पलीकडे काहीच आवाज नाही. ठेवला असेल, त्यांना वाटलं. खोली एकदम मोठी झाली.

“उद्याही येऊ द्या त्याला,” मुलगी हळूच म्हणाली. “मी फोन करते. फक्त त्याला साधी कात्री द्या, बाबा. दातेरीनं देठ चेंगरतो.”