पोच
हॅम रेडिओच्या हौशी बिनतारी संचाला नवा संगणक जोडल्यापासून मुकुंद आणि भगवंतराव बोलण्याऐवजी टाइप करत. पांढुर्ण्याहून मुकुंदचा निरोप गेला, की सौंसरहून भगवंतरावांचं यंत्र आपोआप ‘पोचला’ असं कळवी; उत्तर मागाहून येई. आता आठवडाभर नुसतं ‘पोचला’. “काऊन रागावले बाप्पा?” मुकुंदनं विचारलं. ‘पोचला.’ वैतागून त्यानं सौंसरची बस धरली. दार विजयमालावहिनींनी उघडलं. कपाळ मोकळं होतं. “मागच्या मंगळवारी गेले. तुमचा पत्ता ह्यायलेच माहीत होता, भाऊजी.” टेबलावर यंत्र चालूच होतं. “बंद कराले हात नाही उचलत. तुमचं काही आलं की लाल लाइट लागते. वाटते, ह्यायले कोणी बोलावून राहिलं.” पांढुर्ण्याला परतल्यावर मुकुंद यंत्रापुढे बसला. मग रोज संध्याकाळी विचारायचा तेच त्यानं टाइप केलं, “जेवन झालं काय?” पडद्यावर उमटलं, ‘पोचला.’