साध्या तेलाचे उंदीर

साध्या तेलाचे उंदीरही घाबरलेलेच निघाले. तिने आकड्यांवरून पुन्हा एकदा नजर फिरवली आणि कपाळावर हात मारून घेतला.

अर्ध्या उंदरांना ती गांजातलं द्रव्य तेलात विरघळवून टोचायची, अर्ध्यांना नुसतं तेल. मग रक्त काढून त्यातलं ताणाचं हार्मोन मोजायचं. गांजावाल्यांमध्ये ते वाढायला हवं, तेलवाल्यांमध्ये नाही. दोघांतला फरक म्हणजेच तिचा प्रबंध. आणि फरक नव्हताच. दोन्ही गट सारखेच टरकलेले.

“तेलात काही भेसळ?” सरांनी विचारलं.

“नाही सर. तेल बदललं, सुया बदलल्या, खाणंसुद्धा बदललं.”

“मग दोघांना सारखं असं काय मिळतंय, ते शोध. ही शेवटची तुकडी. यातूनही काही निघालं नाही, तर विषय सोडून द्यायचा.” सर जाता जाता थांबले. “आणि घरी जाऊन झोप जरा. तुझ्यापेक्षा तुझे उंदीर ताजेतवाने दिसतात.”

शेजारच्या टेबलावरचा सहकारी, जुळ्यांचा बाप, खो खो हसला. “झोप? माझ्या घरी एक रात्र काढून दाखवा, सर! हिचं बरंय. पोरगी म्हणजे गोगलगाय.”

ते खरंच होतं. ती घरी पोचायची तेव्हा सात वर्षांची चिऊ वहीत मान घालून बसलेली असायची. नवरा मुकाट्याने पानं वाढायचा. कुणी चकार शब्द काढत नसे. तिचं अंग आंबलेलं, डोकं भणभणलेलं. त्या शांततेवरच ती तगून होती. सुरुवातीला एकदोनदा तिला ओरडावं लागलं होतं. नंतर कधी लागलं नाही.

तिने पिंजऱ्यांसमोर कॅमेरा लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी डोळे चोळत चित्रण बघायला बसली. उंदीर मजेत होते. एकजण मिशा साफ करत होता. दोघे एकमेकांना लोळवत होते. मग सगळे एकदम थांबले. एकाचा पंजा हवेतच राहिला. दार अजून बंद होतं, खोलीत कुणीही नव्हतं.

तिने चित्रण मागे नेलं, आवाज वाढवला. बाहेरच्या बोळात किल्ल्या वाजत होत्या. तिच्याच.

सुई टोचायच्या कितीतरी आधी हार्मोन रक्तात उतरलेलं असायचं.

ती धावतच सरांच्या खोलीत गेली. “सर, सापडलं! दोघांना सारखी मीच मिळतेय! माझ्या किल्ल्या वाजल्या की आधीच टरकतात!”

सर हसले. “मग त्या किल्ल्या आधी गुंडाळून टाक. आणि थोडे दिवस सुई न घेता जा त्यांच्याकडे. खाऊ दे, नुसती बसून राहा.”

“विसरतील ते?”

“उंदीर आहेत गं ते. मनात धरून ठेवत नाहीत.”

तिने किल्ल्यांचा जुडगा रुमालात गुंडाळून गाठ मारली. संध्याकाळी तसाच मुठीत धरून घराचा जिना चढली. वरच्या मजल्यावर पोचली आणि थबकली. कुठल्यातरी घरात नुसता धुडगूस चालला होता. पातेल्यावर चमचा बडवला जात होता, एक पुरुष भसाड्या आवाजात गात होता, आणि एक मुलगी हसून हसून किंचाळत होती, “अजून एकदा, बाबा! अजून एकदा!”

आपण मजला चुकलो, असं तिला वाटलं. तिने दारावरचा आकडा पाहिला. तिचंच घर होतं.

तिने रुमालाची गाठ सोडली. किल्ल्या खळकन वाजल्या.

चमचा मध्येच थांबला.

“शू,” आतून चिऊची कुजबुज आली, “आई आली.”