कारणाचा रकाना

बाळाला पाजता पाजता जान्हवीने नवऱ्याच्या लॅपटॉपवर डोकावून पाहिलं. गळाने मासे पकडणाऱ्या हौशी लोकांवर उन्मेषचं संशोधन चाललं होतं. 'मूल झाल्यावर बायका गळ टाकणं सोडतात. कारण: आवड उरत नाही.'

तिने बाळाची ढेकर काढली, त्याला उन्मेषच्या मांडीवर ठेवलं आणि कपाटावर धूळ खात पडलेली आपली गळाची काठी उतरवली.

"अगं, आज रिपोर्ट द्यायचाय मला."

"दे की. मी बेडोक जेटीवर चाललेय."

दुपारी ती रिकामी बादली घेऊन परतली. बाळ त्याच्या खांद्यावर झोपलं होतं.

"एकही मासा नाही?"

"नाही. पुढच्या रविवारी परत जाणार."

एवढ्या वेळात एका हाताने त्याला एकच गोष्ट जमली होती. कारणाच्या रकान्यातली 'आवड' त्याने खोडली होती.