लाल फडक्यातला गठ्ठा

"काट्यावर ठेवा ते, भाऊसाहेब," मोठ्या बाई म्हणाल्या.

"नाही ठेवणार," भाऊसाहेब म्हणाले. काट्यावरून उचललेला लाल फडक्यातला गठ्ठा त्यांनी छातीशी घट्ट धरला.

पटांगणात वजनकाटा मांडला होता. रद्दी गोळा करायच्या शाळाशाळांतल्या स्पर्धेचा शेवटचा दिवस. अकरा वाजता कागद गिरणीचा ट्रक निघणार होता. पहिलं बक्षीस साठ नवी बाकं. तीन वर्षं ते समोरची शाळा घेऊन जात होती, आणि यंदा फरक चार-पाच किलोंचाच होता. तिथले मुख्याध्यापक हाताची घडी घालून काट्याशी उभे होते. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

भाऊसाहेब इथले हेडक्लार्क. सुटा कागद दिसला की टाचणी लावायचे, म्हणून मुलं पाठीमागे त्यांना 'टाचणी'च म्हणत. शिकलेही ते याच शाळेत. दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते आणि ते त्यांना मुळीच मान्य नव्हतं. दाखला लिहिणाऱ्यानं जन्मसालात दोन वर्षांचा घोळ घातलाय, असं त्यांची आई मरेपर्यंत सांगायची. प्रवेशाचं मूळ रजिस्टर आणा, तारीख दुरुस्त करून देतो, असं वरच्या कचेरीनंही कळवलं होतं. दोन वर्षं आणखी खुर्चीत बसायला मिळणार म्हणून भाऊसाहेब मनातल्या मनात मांडे खात होते.

रजिस्टर होतं जिन्याखालच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या ढिगामागे. ती खोली उघडा म्हणून त्यांनी वर्षभर बाईंच्या विनवण्या केल्या. बाईंनी उघडली ती रद्दीसाठी, तीही सुट्टीच्या दिवशी, यांना न कळवता.

सोमवारी हा गठ्ठा ढिगात दिसला. वर त्यांच्याच प्रवेशाच्या वर्षाची चिठ्ठी. गाठ सोडायच्या आत बाईंनी तो हातातून ओढून परत ढिगात फेकला. "वाळवी लागलीय त्याला. हात लावू नका." मंगळवारी भाऊसाहेबांनी तो उचलून आपल्या कपाटात कोंबला, तेवढ्यात बाईंनी त्यांना कामाला बाहेर पिटाळलं. परत येतात तो कपाट उघडं आणि गठ्ठा पुन्हा ढिगात. दुसरी किल्ली बाईंकडेच असायची.

बाई आल्या दिवसापासून त्यांना पाण्यात पाहत होत्या. पाच मिनिटं उशीर झाला की मस्टरवर लाल शेरा. पण चार बाकांसाठी माणसाच्या पोटावर पाय? भाऊसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"प्रवेशाचं रजिस्टर कायम जपायचं असतं. रद्दीत घालणं गुन्हा आहे, गुन्हा!"

"नियम मला शिकवू नका."

"शिकवतोच! आत्ता उघडतो, सगळ्यांदेखत."

"भाऊसाहेब, नको." बाई पुढे झाल्या.

भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि गाठ सोडली.

"वाचा, वाचा," समोरचे मुख्याध्यापक म्हणाले. "आम्हालाही कळू द्या."

वाळवीचं एक भोक नव्हतं. खोटारडी बाई! भाऊसाहेबांनी भराभर पानं उलटली. सापडलं. नाव त्यांचंच, वडिलांचं नाव बरोबर, शेजारी आईचा अंगठा. जन्मतारीख अंकांत आणि खाली अक्षरांत. त्यांनी ती वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

आईचं खरं होतं. घोळ दोन वर्षांचाच होता. पण दाखल्यानं त्यांचं वय वाढवलं नव्हतं, कमी केलं होतं. रजिस्टराप्रमाणे भाऊसाहेबांनी बावीस महिन्यांपूर्वीच घरी बसायला हवं होतं. तेव्हापासूनची मस्टरवरची प्रत्येक सही बेकायदा होती. हे पान कचेरीत पोचलं तर आधी चौकशी लागणार होती, आणि निवृत्तिवेतन कधी हातात पडेल ते देव जाणे.

"काय हो, सापडलं का काही?" समोरच्या मुख्याध्यापकांनी मान उंचावली.

"नाही," भाऊसाहेब कसेबसे म्हणाले. रजिस्टर मिटून ते फडकं बांधू लागले, पण गाठ बसेना.

बाई जवळ आल्या. त्यांनी फडक्याचं एक टोक धरलं आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "तीन वेळा टाकलं मी हे, भाऊसाहेब. आता तरी जाऊ द्या."