उघडी राहिलेली फाइल

हिल्काने हेलसिंकीच्या आपल्या फ्लॅटमधून दूरच्या सर्व्हरवर लॉगिन केलं, काळ्या खिडकीत एडिटर सुरू केला आणि फाइल मागवली. फाइलऐवजी नेहमीची सूचना आली : ही फाइल आर्ने यांनी आधीच उघडलेली आहे.

तिने कॉफी ओतून घेतली आणि वडिलांना, आर्नेंना, फोन लावला.

"बाबा, फाइल परत उघडी आहे."

"होय का? राहिली असेल."

"राहिली असेल काय? दोघांनी एकदम लिहिलं तर एकाचं पुसलं जातं. तूच शिकवलंस मला."

"तेव्हा डोकं ताजं होतं." पलीकडे खुर्ची करकरली. "थांब, बंद करतो. काय बदलायचंय तुला?"

"शुद्धलेखन. तळ्यावरच्या वाटेचं चुकलंय."

फाइल वडिलांच्या गावच्या, कुह्मोच्या स्की क्लबची होती. आर्ने सकाळी स्नोस्कूटर घेऊन वाटा साफ करायचे आणि कुठली मोकळी, कुठली बंद ते तिच्यात लिहायचे. अडीअडचणीला कुणी असावं म्हणून मुलीलाही त्यांनी फाइलीची पूर्ण परवानगी दिली होती. एरवी त्या घरात कामाशिवाय फोन करायची रीत नव्हती. आजोबा तर फोन उचलला की आधी विचारायचे, "कोण गेलं?"

"बर्फ किती आहे?" हिल्काने विचारलं.

"कमरेएवढा. खाल्लंस काही?"

"लापशी."

"पाण्यातली असणार. दुधात करत जा."

"बाबा, हे दर रविवारी होतंय. डॉक्टरला दाखव. पुढच्या रविवारी उघडी सापडली तर तुझी परवानगी मी काढून घेणार."

पलीकडे एक कळ वाजली. मग ते म्हणाले, "काढ. तू म्हणशील तसं."

सूचना गेली. हिल्काने फाइल वरपासून खालपर्यंत वाचली आणि बंद केली.

पुढच्या शनिवारी आर्नेंनी सॉना, वाफेच्या अंघोळीची खोली, तापत ठेवला आणि तोवर जरा बसावं म्हणून पायरीवर टेकले. ते उठलेच नाहीत. शेजाऱ्यांनी हिल्काला कळवलं.

दोन आठवड्यांनी, शनिवारीच, दफन झालं आणि त्यानंतर चर्चच्या सभागृहात कॉफी होती. ओस्मो तिच्याशेजारी येऊन बसले. कागद कारखान्याच्या संगणक विभागात ते आर्नेंच्या हाताखाली होते. त्यांनी तिच्या बशीत दालचिनीचा बन ठेवला.

"तुझ्या बापाचा नियम माहीत आहे ना? सर्व्हरवर फाइल उघडी टाकून जो घरी जाईल, त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बन आणायचे. माझ्या बायकोचा ओव्हन झिजला त्यापायी."

"आणि बाबाने कितीदा आणले?"

"एकदाही नाही. निवृत्तीच्या दिवशी तरी चुकेल म्हणून आम्ही टपून बसलो होतो. पठ्ठ्या सगळं बंद करून, सगळ्यांचं तपासून गेला."

"हल्ली विसरायला लागला होता, ओस्मोकाका."

"आर्ने?" ओस्मो हसले. "नाताळात क्लबची नोटीस माझ्याकडून उघडी राहिली. तासाभरात फोन. म्हणाला, बन कधी आणतोस? हे त्याला द्यायचे राहिलेलेच आहेत, पोरी. उशीर झाला."

हिल्काने बन खाल्ला नाही. रुमालात गुंडाळून घेतला.

वडिलांच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांचा लॅपटॉप तसाच होता, वायर लावलेली. तिने एक कळ दाबली. पडदा उजळला. फाइल उघडी होती, कर्सर पहिल्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर लुकलुकत होता. आत काय लिहायचं राहिलं ते तिने शोधलं. एडिटरच्या लेखी एकही अक्षर बदललेलं नव्हतं. त्या शनिवारी, सॉना पेटवायच्या आधी, त्यांनी ती नुसती उघडून ठेवली होती.

उद्या रविवार होता. बंद करायची आज्ञा तिने टाइप केली, पण शेवटची कळ दाबली नाही. बन वडिलांच्या खुर्चीसमोर ठेवला.

"बाबा," ती रिकाम्या खुर्चीला मोठ्याने म्हणाली, "तळ्यावरच्या वाटेचं बरोबर होतं. दर वेळी बरोबरच असायचं. मला त्या फाइलीत कधीच काही बदलायचं नव्हतं."