जिभेवरची राणी

गुणवंतरावांनी नाणं जिभेला लावलं, डोळे मिटले आणि मान डोलावली. सोनं अस्सल होतं.

"फाउस्तिना," ते म्हणाले. "डोक्यावरचा अंबाडा पाह्य नथ्थू. रोमच्या बादशहाची बायको. हे एकच राह्यली होती."

त्यांनी नाणं तबकातल्या रिकाम्या खळीत बसवलं. नथ्थू म्हणजे बिडीपत्त्याच्या ठेकेदाराचा मुनशी. जंगलातल्या गावागावांतून फिरायचा आणि गुणवंतरावांसाठी जुनी नाणी हुंगायचा. आज मात्र तो अंबाड्याकडे बघतच नव्हता. मालकांच्या जिभेकडे बघत होता.

कुरखेड्याच्या या माजी मालगुजाराला अवघ्या जगाची किळस होती. चार धानाच्या बांध्यांपलीकडे कुणी लसूण सोलला की इकडे यांना मळमळायचं. पाणी गाळून, उकळून, पुन्हा गाळून प्यायचे. हात धुवायच्या आधी साबण दुसऱ्या साबणानं धुवून घेतात, असं गाव म्हणायचं, आणि गाव फारसं खोटं बोलत नसे. सरकारनं मालगुजारी काढून घेतली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. त्या दिवशी तहसीलदाराशी हात मिळवावा लागला, त्याचंच दुःख वर्षभर पुरलं.

पण राण्यांची गोष्ट वेगळी. लाल मखमलीच्या तबकात साबिना होती, लुसिल्ला होती, मोठ्या नाकाची ज्युलिया होती. राजाचं नाणं, सोन्याचं असलं तरी, ते दारातूनच परत पाठवायचे. राणी आली की आधी जिभेवर, मग मखमलीवर. "राणीले कायची आली घाण?" असं ते बायकोला, इंदुताईंना, विचारायचे. इंदुताईंनी नवऱ्याचा पेला तेवढा वेगळ्या फळीवर ठेवला होता.

बाकीच्या राण्या मुंबईच्या दलालाकडून यायच्या. "थडग्यातला माल आहे, शेठ, म्हणून तर नाक इतकं शाबूत," असं तो कौतुकानं सांगायचा. थडग्यात नेमका कुठं, हे गुणवंतरावांनी कधी विचारलं नव्हतं.

आता त्यांच्या जिभेवर काहीतरी चिकटलं होतं. त्यांनी ते बोटावर काढलं. तांदळाचा दाणा होता, हळदीनं पिवळा झालेला.

"पूजेतून आनलं का?"

"पूजेतून नाई, मालक." नथ्थू मागच्या दाराकडे सरकला. "जंगलातल्या इसरूची बायको रुखमा मेली ना आज सकाळी. हे तिच्या हारातलं. जिती होती तवा कितीकदा मांगलं, देल्लं नाई तिनं."

"मंग?"

"त्यायच्यात मानसाचं आवडीचं नाणं मेल्यावर त्याच्या तोंडात ठेवतेत. मंग सारे एकेक जाऊन तोंडात तांदूळ टाकतेत. मीबी टाकले." नथ्थूनं उजवा हात पुढे करून दाखवला. "टाकल्यावर हात रिकामाच होता, तो नाणं घेऊनच भायेर आला."

गुणवंतरावांच्या पोटातलं सकाळचं, आदल्या रात्रीचं आणि बहुतेक मालगुजारीच्या काळातलंही सगळं अंगणातल्या जास्वंदीवर पडलं. ती जास्वंद पुढे दोन वर्षं फुलली नाही. त्यांनी जीभ राखेनं घासली. कडुनिंबाचा पाला चावला. शेवटी साबणाची अख्खी वडीच तोंडात धरली. तोंडातून फेस गळत असतानाच इसरू फाटकातून आत आला. नथ्थू मागच्या दारानं गेला, तो थेट पुढच्या हंगामात दिसला.

इसरू ओरडला नाही. त्याच्या हातांची हळद अजून ओली होती.

"मालक, रुखमाचं नाणं द्या. माती द्याच्या आंदी तोंड पाह्यलं, तं आत नाई. नथ्थू तुमच्यासाठीच मांगत होता ते. तिले तसंच उघडं ठेवून आलो."

गुणवंतरावांनी तबकाकडे पाहिलं. आता कुठं ओळ पुरी झाली होती. चिंचेच्या पाण्यात उकळली तर फाउस्तिना पुन्हा लखलखेल, हा विचार त्या फेसातूनही त्यांच्या मनात आलाच.

"राणीछाप रुपया घेऊन जाय," ते म्हणाले. "चांदीचा हाय. तेबी राणीच हाय ना."

"लगनापासून तिनं हेच घातलं, मालक. दुसरीचं तिले कायले?"

"देतो ना मी, तुले पाह्यजे तं—"

"त्याचं त्याले द्या," दारातून इंदुताई म्हणाल्या. त्यांनी पदर नाकाला लावला होता. "नाई तं आजपासून या घरात चूल तुमीच पेटवा."

गुणवंतरावांना हरल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखंही. त्या नाण्याला आता बोट लावायची त्यांची हिंमत नव्हती. काठीच्या टोकानं त्यांनी तबक ओसरीच्या कडेपर्यंत ढकललं.

"उचल तुझं. अन् जाय लवकर."

इसरू गुडघ्यांवर बसला. रुखमाचं नाणं त्यानं लगेच ओळखलं. ते उचलून त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसलं, अगदी घासून पुसलं, जसं कुत्र्यानं तोंड घातलेलं भांडं पुसावं तसं. मग सोग्यातच गाठ मारून बांधलं.

गुणवंतरावांनी चूळ भरायला तांब्या उचलला. आता हा उठेल, जाईल, आणि उरलेल्या राण्या तरी आपल्यापाशी राहतील.

पण इसरू उठला नाही. तो मखमलीवरच्या एकेका बाईकडे पाहत होता. कुणाचं नाक, कुणाची वेणी, कुणाच्या गळ्यातली माळ. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. जंगलात काही सडलेलं दिसलं की माणूस मागे सरकतो, तसा तो बसल्याजागी मागे सरकला.

"एवढ्या बाया," तो म्हणाला. "साऱ्यायच्याच तोंडातून काढलं का, मालक?"