उजवीकडचा आवाज

"वळताना चाकात काहीतरी वाजतंय गं. दाखवून घे एकदा," मागच्या सीटवरून बाबा म्हणाले होते.

बाबा म्हणजे तिचे सासरे. अख्खी नोकरी छापखान्यातल्या यंत्रांशेजारी उभं राहून झालेली. त्यांना पंख्यातही काहीतरी वाजताना ऐकू यायचं. "जुनी गाडी आहे बाबा, कुरकुरणारच," असं म्हणून तिने लेकीच्या गाण्यांचा आवाज वाढवला होता. अडीच वर्षांची लेक गाणी बंद झाली की भोकाड पसरायची. बाबांनी पुन्हा काही तो विषय काढला नाही.

आणि आज सकाळी पाळणाघराच्या वळणावर गाण्यांच्या वरताण 'खाड्' असा आवाज झाला. लेकीला घेऊन ती तशीच गॅरेजमध्ये आली.

मिस्त्रींनी उभ्या गाडीत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. गाडी चिडीचूप.

"कधी येतो आवाज?"

"वळताना."

"ते कळलं हो ताई. डावीकडे वळताना की उजवीकडे? पूर्ण वळणावर की थोडंसं वळलं तरी?"

लेक काल रात्री किती वेळा खोकली, ओला खोकला की कोरडा, हे तिने झोपेतून उठूनही सांगितलं असतं. पण रोज हातात धरलेल्या चाकाबद्दल तिला काडीची माहिती नव्हती.

"गाडीत गाणी लागलेली असतात," ती ओशाळून म्हणाली.

"मग बरोबर आहे. वरातीत बसून चाकाचा आवाज कसा ऐकू येणार!"

लेक बाकावर उभी होती. तिच्या हातात डब्याचं झाकण होतं. ते झाकण म्हणजे तिचं स्टिअरिंग, ते घेतल्याशिवाय बाईसाहेब घराबाहेर पडत नसत. आता तिने झाकण उजवीकडे वळवलं आणि जीभ टाळूला लावून वाजवली. टक, टक, टक, टक. झाकण सरळ केलं. जीभ बंद.

"घोडा घोडा खेळते सारखी," ती मिस्त्रींना म्हणाली. त्या खेळाचा व्हिडिओ तिने सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. सगळ्यांनी हसून घेतलं होतं.

मिस्त्री मात्र हातातला पाना ठेवून लेकीसमोर उकिडवे बसले. "काय ड्रायव्हरसाहेब, जरा डावीकडे घ्या बरं गाडी. त्या भिंतीकडे."

झाकण भिंतीकडे वळलं. जीभ गप्प.

"आता रस्त्याकडे."

टक, टक, टक.

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. "ताई, घोडा एकाच बाजूला वळताना कशाला टापा वाजवेल?"

शेजारच्या मोकळ्या मैदानात त्यांनी गाडी गोल फिरवली. गाणी बंद. या खेपेला ती मागे बसली, लेकीच्या शेजारी, बाबांच्या जागेवर. डावीकडे दोन फेऱ्या झाल्या, काही नाही. उजवीकडे स्टिअरिंग पूर्ण वळलं आणि खालून, पुढच्या डाव्या चाकाच्या अंगाने आवाज सुरू झाला. टक, टक, टक, टक. अगदी लेकीच्या ठेक्यात. लेक आईकडे बघून हसली आणि तिनेही सूर मिळवला.

गाडी वर उचलून मिस्त्रींनी चाक काढलं. चाकामागच्या सांध्यावर रबराचं आवरण होतं. ते फाटून लोंबत होतं. आतलं ग्रीस उडून चाकाच्या आतल्या बाजूला काळं चिकटलं होतं. उरलेलं त्यांनी चिमटीत घेऊन तिच्या बोटांवर टेकवलं. बोटांना वाळू लागली.

"उजवीकडे वळलं की भार येतो डाव्या चाकावर. वंगण संपलं, खडे शिरले, सांधा झिजला. आणखी थोडे दिवस चालवली असती तर भर चौकात बंद पडली असती, मागून येणाऱ्या गाड्यांच्या पुढ्यात." मग लेकीच्या गालाला ग्रीस न लावता कोपराने गुदगुली करत त्यांनी विचारलं, "हिला कुणी शिकवलं हे?"

"कुणीच नाही. आजोबांबरोबर मागे बसते. जे ऐकते, बघते, ते करते."

दुपारपर्यंत नवा सांधा बसला. परतताना तिने गाणी लावली नाहीत आणि आश्चर्य म्हणजे लेकही रडली नाही. प्रत्येक उजव्या वळणावर मायलेकी कान देऊन बसल्या. आवाज नाही. लेकीने झाकण फिरवलं, जीभ उचलली आणि जरा विचार करून परत ठेवली.

रोज ती बाबांना आणि लेकीला फाटकाशी उतरवायची आणि गाडी लावायला मागच्या गल्लीत जायची. ती येईपर्यंत आजोबा-नात वर पोचलेले असत. आज बाबा घरीच होते, म्हणून गाडी लावून लेकीबरोबर जिना तीच चढली. लिफ्ट नाही, तीन मजले.

दुसऱ्या मजल्याच्या अलीकडे लेक थांबली. एका हाताने कठडा धरला. दुसरा हात छातीवर ठेवला. तोंड उघडून चार-पाच मोठे श्वास घेतले. मग आजोबांसारख्या जाड आवाजात म्हणाली, "झालं हं, झालं. चल."

चार पायऱ्या चढून पुन्हा थांबली. पुन्हा कठडा. पुन्हा छातीवर हात.

लेकीचा हा खेळही तिने घरात दोनदा पाहिला होता. पलंगावर चढताना. तेव्हाही ती हसली होती.

वर दार उघडलं. "काय गं, सापडला का आवाज?" बाबांनी विचारलं.

"सापडला बाबा," ती म्हणाली. "चपला घाला. तुम्हाला डॉक्टरांना दाखवायचंय."

तुमच्या घरातही कुणी एकदाच सांगून गप्प बसणारं असेल. आज गाडी जरा उशिरा लावा. त्यांच्या मागून जिना चढून बघा.